थंडी फक्त कमरेच्या वर

चंद्रपुरात चपलांच्या दुकानात शिरून पुरुषांसाठी घरात घालायच्या उबदार स्लीपर मागा. दुकानदार आधी तुमच्याकडे बघतो, मग वरच्या पंख्याकडे. त्याचंही खरंच. मे २०१९ मध्ये या शहराचा पारा ४८ अंशांवर गेला होता. शिवाय वेशीवर २९२० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र. तिथे ऊब विकत मागणारा माणूस त्याला संशयास्पदच वाटणार.

पण जंगलाच्या कडेला डिसेंबरची पहाट असते, आणि खाली गारठलेली फरशी. उन्हासाठी प्रशासनाकडे उष्माघात कृती आराखडा आहे. पायांचा विषय अद्याप कोणत्याही टेबलावर आलेला नाही. मऊ, केसाळ स्लीपर मिळतात, नाही असं नाही. पण गुलाबी, सशाच्या कानांच्या आणि बायकांच्याच मापात. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला तिबेटी वसाहत आहे, पण हिवाळ्यात तिबेटी विक्रेत्यांकडे जावं तर स्वेटर, मफलर, कानटोप्या. पुरुषाला थंडी कमरेच्या वरच वाजते, यावर बाजाराचं एकमत दिसतं.

मग गृहस्थ लोकरी मोज्यावर हवाई चप्पल चढवतो. पट्टा अंगठ्याजवळ अडतो, गृहस्थ फटक फटक करत स्वयंपाकघरापर्यंत पोचतो, आणि आतून आवाज येतो, ‘अहो, ती चप्पल बाहेर!’