आप्पांचं आरमारी कोर्ट

रविवारी सकाळी पोह्यांच्या बश्या उचलल्या की आप्पांचं कोर्ट बसतं. डोंबिवली पूर्व, दुसरा मजला, जेवणाचं टेबल. न्यायमूर्ती लेंगा-गंजिफ्रॉकात. पक्षकार म्हणजे क्रूझवर जायचं ठरवलेला कुणीतरी. बहुधा लग्नाला पंचवीस वर्षं झालेला आणि बायकोला भलत्या वेळी शब्द देऊन बसलेला. आरोपी म्हणजे एखादं एकेकाळचं नावाजलेलं, आता उतारवयाला लागलेलं आलिशान जहाज. आणि फिर्यादी जगभरचे. कुणी ओहायोचा, कुणी ब्रिस्बेनचा, कुणी बोरिवलीचा. सगळ्यांनी एकेक तारा देऊन त्या जहाजाची अब्रू वेशीवर टांगलेली असते.

पूर्वी स्थळ आलं की मुलीकडची मंडळी मुलाच्या गावात गुपचूप जाऊन वाण्याला, पोस्टमनला विचारून यायची. जहाजाला गाव नसतं, त्यामुळे वाणी नसतो, म्हणून रिव्ह्यू. पण रिव्ह्यू वाचून घाबरणारे घरोघरी आहेत. रिव्ह्यू लिहिणाऱ्यालाच उभा करून उलटतपासणी घेणारा शंभर घरांत एखादा निघतो. असे लोक हल्ली वाढताहेत. आमच्या सोसायटीच्या वाट्याला आप्पा आले.

त्यांचा अधिकार पोकळ नाही. मुंबईच्या गोदीत त्यांनी चौतीस वर्षं पाइप फिटर म्हणून काढली, त्यातली शेवटची नऊ फोरमन. त्यामुळे जहाज त्यांनी कायम खालून, आतून आणि बंद पडलेलं असतानाच पाहिलंय. पुतण्याने त्यांना दुबईला ‘क्वीन एलिझाबेथ 2’ दाखवायला नेलं. 1969 साली पहिल्या सफरीला निघालेलं हे जहाज 2018 पासून तिथल्या बंदरात हॉटेल होऊन उभं आहे. लोक दिवाणखान्यात फोटो काढत होते आणि आप्पा एका बोळकांडीत अर्धा तास मान वर करून उभे. पुतण्याला वाटलं, गहिवरले. आप्पा म्हणाले, “जोड कुठे लपवलेत बघ. एक तरी दिसतोय?”

कोर्टाचं कामकाज ठरलेलं आहे. मोबाइल हातात आला की चष्मा बदलायचा आणि विचारायचं, “गोदीत कधी गेलं होतं?” प्रवासी जहाजाला पाच वर्षांतून दोनदा तरी सुक्या गोदीत चढावं लागतं. गालिचे, गाद्या, नळ, जे काही मोठं बदलायचं ते बहुतेक तेव्हाच बदलतात. तेव्हा त्या तारखेच्या आधीचे सगळे रिव्ह्यू मुदतबाह्य. “जावळ काढायच्या आधीचा फोटो दाखवून पोराचे केस विंचरत नाहीत म्हणायचं का?” एवढ्या एका प्रश्नावर निम्मे फिर्यादी घरी जातात.

मग हवामानवाले. “समुद्र फार हलत होता, जहाज जुनं असल्यामुळे असेल.” आप्पा हे वाचताना हसतसुद्धा नाहीत. जहाजाच्या पोटाला पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात, ते डावी-उजवीकडचं डोलणं कमी करतात. नाक वर-खाली होतं त्यावर त्यांचा इलाज चालत नाही, मग जहाज कालचं असो की चाळीस वर्षांचं. आप्पा लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीने मालवणला जायचे. डेकवर वळकटी पसरायची, शेजारी कोंबड्यांची डालगी, आणि रत्नागिरी यायच्या आत निम्म्या डेकला बोट लागलेली. बंदर आलं की धक्का नाहीच. बोट बाहेर उभी राहायची आणि पडावात उतरायचं, तेही लाट वर आल्यावर नेमकं. अशा माणसापुढे “उशी जरा मऊ होती” ही तक्रार आणायची म्हणजे तक्रारदाराचंच नशीब वाईट.

गंजाबद्दल मात्र ते बारकाईने विचारतात. कुठला गंज? नांगराच्या भोकाखाली तांबडा ओघळ दिसला असं कुणी लिहिलं तर, “ती विड्याची पिंक आहे, रोग नव्हे.” खाऱ्या पाण्यात लोखंड हे करणारच, आणि खलाशी वर्षभर रंगाचे डबे घेऊन त्याच्या मागे असतात. पण लाइफबोट ज्या लोखंडी बाहूंना टांगलेली असते तिथे गंज दिसला, असं एकाने जरी फोटोसकट लिहिलं, तर आप्पा कागद मागवून घेतात.

खरं कोर्ट रंगतं ते संडासावर. इथे आप्पांचा आवाज बदलतो. आधुनिक जहाजांवर संडास विमानातल्यासारखे, हवेच्या ओढीवर चालतात आणि एका लाइनीवर अनेक केबिनी असतात. एकाने त्यात काही भलतंसलतं टाकलं की अख्खी आळी बंद. फिर्यादी लिहितो, “तीन तास संडास चालत नव्हता, हे जहाज भंगारात काढा.” आप्पांचा निकाल: “तीन तासांत सुरू झाला ना? म्हणजे खाली माणसं जागी होती. दोष शेजारच्या केबिनीचा. जहाज निर्दोष.” उलट दोन वेगवेगळ्या महिन्यांत, एकमेकांना न ओळखणाऱ्या दोघांनी एकाच मजल्याचं, एकाच बाजूचं नाव घेऊन वास येतो असं लिहिलं, की दावा मंजूर. दोन अनोळखी नाकं एकाच बोळात खोटं बोलत नाहीत, हा आप्पांचा पुरावा कायदा.

मात्र नुसत्या वासावर ते जहाज फासावर चढवत नाहीत. आधी विचारतात, केबिन त्याआधी रिकामी होती का? मोरीच्या जाळीखाली वाकडा पाइप असतो. त्यात जे पाणी साचून राहतं, ती वासाला घातलेली कडी. खोली बरेच दिवस रिकामी राहिली की पाणी सुकतं आणि कडी निघते. “तांब्याभर पाणी ओतलं असतं तर हा माणूस दोन पानं लिहायचा वाचला असता.” हे सांगून आप्पा स्वतः उठतात आणि पाहुण्याला आपल्या मोरीत तांब्या ओतून दाखवतात. पक्षकाराने सोबत जाऊन वाकून बघावं अशी अपेक्षा असते. मी दोनदा बघितलंय.

“भिंतीचं लाकूड हाताला खोटं लागतं,” ही तक्रारही टिकत नाही. 1 ऑक्टोबर 2010 पासून आंतरराष्ट्रीय नियमांनी प्रवासी जहाजांवरची जळाऊ बांधणी आणि सजावट बाद केली. ज्या जुन्या देखण्या जहाजांना ती काढून टाकण्याचा खर्च झेपला नाही, ती मोडीत गेली. “खोटं लागतंय म्हणजे रात्री डोळा लागायला हरकत नाही.”

अमेरिकेच्या बंदरांना लागणाऱ्या जहाजांची तिथले आरोग्य निरीक्षक झडती घेतात आणि शंभरपैकी गुण देतात. 85 किंवा त्याखाली आले की नापास. मॅट्रिकला 35 वर सुटलेल्या आप्पांना या आकड्याबद्दल फार आदर आहे.

जहाजाला कुणी नुसतं ‘म्हातारं’ म्हटलं की मात्र न्यायमूर्तींचा तोल जातो. मग स्टॉकहोमची कथा निघते. 1948 साली पहिल्या सफरीला निघालेलं हे स्वीडिश जहाज 1956 मध्ये आंद्रेआ दोरिया या इटालियन जहाजाला धडकलं. आंद्रेआ दोरिया नुकतं तीन वर्षांचं, कितीतरी देखणं, ते बुडालं. स्टॉकहोम चेपलेलं नाक घेऊन न्यूयॉर्कला पोचलं, नवं नाक बसवून घेतलं आणि नावं बदलत बदलत 2020 पर्यंत प्रवासी नेत राहिलं. ‘नवं नाक’ म्हणताना आप्पांचा हात छातीवरच्या बायपासच्या खुणेकडे जातो. त्यांचं त्यांना कळत नाही.

फक्त एका जहाजाची केस ते ऐकूनच घेत नाहीत. 1990 साली इटलीत बांधलेलं, डॉल्फिनसारख्या कपाळाचं क्राउन प्रिन्सेस पाच नावं वापरून 2019 साली मुंबईला आलं, आणि सहावं नाव मिळालं कर्णिका. पुढच्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने लिलाव होऊन मोडीत निघायला अलंगच्या किनाऱ्यावर चढलं. “सहा सासरं करून आलेली बाई. तिच्याविषयी या घरात वाईट बोलायचं नाही.” आतून काकूंचा आवाज येतो, “आणि एका सासरात चाळीस वर्षं काढलेलीविषयी?” कोर्ट पाच मिनिटं तहकूब.

आप्पा ज्या खुर्चीत बसून निकाल देतात ती अलंगचीच आहे. गुजरातेत भावनगरकडून तिथे जाताना रस्त्याच्या दुतर्फा मोडलेल्या जहाजांतल्या सामानाची दुकानं आहेत: कपबश्या, गाद्या, आरसे, भांडी. तिथून त्यांनी ही एकच खुर्ची आणली, इतकी जड की मोलकरीण ती सरकवत नाही, भोवतीनं केर काढते. तिच्या बैठकीखाली एक पितळी आकडा आहे. वादळात खुर्ची जमिनीला बांधायची सोय. मुलगा म्हणतो, लादीला ओरखडे पडतात, काढून टाका. आप्पांनी अर्ज फेटाळला.

दोन बाबतींत मात्र या कोर्टाचं काही चालत नाही. पहिली चहा. चहा पांचट होता, गरम पाणी वेगळं, पिशवी वेगळी, दूध कोमट, असा रिव्ह्यू आला की आप्पा चष्मा काढून ठेवतात. या विषयात आपण स्वतःच पीडित आहोत, निःपक्ष राहू शकत नाही, असं सांगून ते बाजूला होतात.

दुसरी काकू. आप्पांनी महिनाभर रिव्ह्यू छाननी करून त्यांना मुंबई-गोवा दोन रात्रींच्या क्रूझवर नेलं. मोरीला वास नव्हता, जोड कोरडे होते, लाइफबोटीचे बाहू नुकते रंगवलेले. परत आल्यावर आप्पांनी मोठ्या अपेक्षेने विचारलं, कसं होतं? काकू म्हणाल्या, “खोलीत पंखा नाही. झोप कशी लागायची?” गोदीतली चौतीस वर्षं या एका वाक्यापुढे गप्प बसली. काकूंचं अपील वरच्या कोर्टात आहे असं आप्पा सांगतात. वरचं कोर्ट काकूच आहेत.

गेल्या दिवाळीआधी तिसऱ्या मजल्यावरचे बँकवाले आले. लग्नाचं तिसावं वर्ष, भूमध्य समुद्र, पाव शतक जुनं पंचतारांकित जहाज, आणि एकेचाळीस वाईट रिव्ह्यू. चार रविवार सुनावणी चालली. तेवीस मुदतबाह्य, सात समुद्राविरुद्ध, चार सहप्रवाशांच्या वयाविरुद्ध, तीन चुकून दुसऱ्याच जहाजाचे. उरलेल्या चारांतून आप्पांनी निकाल काढला: “नाचघराच्या वरची केबिन नको, अगदी पुढच्या टोकाची नको. बाकी खुशाल जा. आणि तांब्या न्या.”

बँकवाले तांब्या घेऊन गेले. विमानतळावर तो दोनदा उघडून तपासला गेला. परत आल्यावर त्यांनी स्वतः रिव्ह्यू लिहिला, दोन तारे, आणि आप्पांना आणून दाखवला. मजकूर सगळा चहाचा आहे. आप्पांनी तो वाचून काकूंकडे वर्ग केलाय, आणि काकूंनी निकाल राखून ठेवलाय.