आगाऊ भरलेला समुद्र

दिवाळीत घरी राहिलं की पाहुणे येतात, हा शोध लागल्यापासून पुण्यातला मध्यमवर्ग दिवाळीत कोकणात जाऊ लागला. २०१९ साली आम्हीही गेलो. दोन कुटुंबं, नऊ डोकी, एक भाड्याची टेम्पो ट्रॅव्हलर आणि तीन डबे चकली. मुक्काम देवबागला. मालवणहून तारकर्ली ओलांडून पुढे गेलं की एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी आणि मध्ये माडांची एवढीशी पट्टी उरते, ते देवबाग.

खोल्या ‘सी टच’ होत्या. हे आमच्या मेहुण्यांनी फोनवरून तीनदा वदवून घेतलं होतं. ‘सी व्ह्यू’मध्ये समुद्र नुसता दिसतो, ‘सी टच’मध्ये तो हाताशी असतो आणि रात्रीमागे पाचशे रुपये जास्त पडतात. निम्मे पैसे आम्ही आगाऊ भरले. मराठीत आगाऊ या शब्दाला दोन अर्थ आहेत. दुसरा आमच्यासाठी राखून ठेवला होता.

२४ ऑक्टोबरला, गुरुवारी, विधानसभेचे निकाल लागले आणि त्याच दिवशी अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र जोर धरू लागलं. सगळा महाराष्ट्र पहिल्या वादळाकडे डोळे लावून बसल्यामुळे दुसऱ्याची बातमी पडद्याच्या तळाशी सरकत राहिली. शुक्रवारी आम्ही घाट उतरत होतो तेवढ्यात त्याचं रीतसर चक्रीवादळ झालं आणि बारसंही झालं. नाव क्यार.

“केर?” मागच्या सीटवरून आत्याबाई म्हणाल्या. “मग बरोबर आहे. दिवाळीच्या तोंडावर केर काढायचाच असतो.”

क्यार म्हणजे बर्मी भाषेत वाघ, नाव म्यानमारने सुचवलेलं, हे मेहुण्यांनी मोबाईलवर वाचून दाखवलं. हवामान खात्याचा इशाराही वाचला. मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, “हे मच्छीमारांसाठी आहे. आपण पर्यटक.” या युक्तिवादावर गाडीतल्या एकालाही काही सुचलं नाही. मेहुणे सेवानिवृत्त अधिकारी आहेत. शासकीय परिपत्रक आपल्याला लागू होत नाही हे दोन मिनिटांत सिद्ध करण्यात त्यांची हयात गेली.

देवबागला पोचलो तेव्हा आमचे यजमान अंगणातल्या प्लास्टिकच्या खुर्च्या दोरीने एकमेकींना बांधत होते. वयाने आमच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, पण कोकणात गेल्यावर ज्याला पैसे द्यायचे त्याला काका म्हणायचं अशी पद्धत आहे. “काका, उद्या सकाळी डॉल्फिन किती वाजता?” मेहुण्यांनी बॅग खाली ठेवायच्या आत विचारलं.

“तीन नंबरचो बावटो लागलो,” काका म्हणाले. “दर्यार जाव नकात.”

बावट्याची भानगड मला तिथे कळली. बंदरावर धोक्याची निशाणी चढवतात, तिचे एक ते अकरा क्रमांक असतात. एक-दोन म्हणजे दूर कुठे तरी काही शिजतंय, तीन म्हणजे इथेच वारा पिसाळायची चिन्हं, आणि आठ ते दहा लागले तर देवाचं नाव घ्यायचं. अकरा नंबर मात्र वेगळा आहे. त्याचा अर्थ, इशारा देणाऱ्या केंद्राशी संपर्कच तुटला. माझ्या मोबाईलवर गगनबावड्यापासून अकरा नंबरचाच बावटा लागलेला होता.

“पण आम्ही पैसे भरलेत,” मेहुणे म्हणाले.

“पैशे तुमी माका दिलास, दर्याक नाय.”

इतकं अव्यावसायिक उत्तर मेहुण्यांनी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

रात्रीच्या जेवणाला सुरमई ठरली होती. पानात काळ्या वाटाण्याचं सांबारं आलं. होड्या बंदरात, तर सुरमई कुठून येणार? त्या दिवशी देवगडच्या खाडीत आसऱ्याला आलेल्या होड्यांची दाटी झाली होती. परराज्यांतल्या नौकाही वादळात तिथेच शिरतात. ताज्या माशासाठी भर समुद्रातलं वारं पडावं लागतं, हे पुण्याच्या मासळी बाजारात कळत नाही. मी सांबाऱ्याला नावं ठेवत तीनदा वाढून घेतलं.

आणि रात्री समुद्र आला. ‘सी टच’ म्हणजे काय ते पहिल्यांदाच समजलं. करारात असा उल्लेख कुठेही नव्हता की टच आपणच करायचा. त्या बाजूनेही होऊ शकतो. आधी गाज वाढली, मग माडांच्या बुंध्यांशी फेस दिसू लागला, मग पायरीवर आमच्या चपला तरंगू लागल्या. वीज गेली. गेल्या कित्येक वर्षांत प्रथमच आमच्या घरातली सगळी माणसं एकाच खोलीत, एकाच वेळी, हातात मोबाईल नसताना बसली, आणि दहा मिनिटांत भांडण सुरू झालं.

तेवढ्यात दारावर थाप. “होडी वढूक येवा!”

आमच्या सहलीच्या पत्रकात ‘रापण ओढण्याचा पारंपरिक अनुभव’ अशी एक ओळ होती. दरडोई वेगळा आकार. रापण म्हणजे किनाऱ्यावरून दोन बाजूंनी दोर धरून ओढायचं लांबलचक जाळं. सगळी वाडी लागते त्याला. हा अनुभव महाग म्हणून आम्ही नाकारला होता. आता तोच फुकट चालून आला होता, फक्त जाळ्याच्या जागी रापणीची होडी होती, रात्रीचे दोन वाजले होते आणि पाऊस आडवा येत होता. वाडीतली पोरं, बायका, म्हातारे दोराला लागले होते. मीही लागलो. खोटं कशाला सांगू, मी मधोमध उभा राहिलो. तिथे ओढलं काय आणि नुसता धरला काय, कळत नाही. मेहुणे टॉर्च दाखवत होते. मधून मधून ओरडत होते, “एकत्र ओढा!” होडी वर आली. सकाळी त्यांनी काकांना विचारलं, या श्रमाचे बिलात काही वजा होतील का.

शनिवार खिडकीत गेला. क्यार रत्नागिरीच्या रोखाने थोडं पुढे सरकलं होतं खरं, पण मनात काय आलं कोण जाणे, पाठ फिरवून ओमानच्या दिशेला लागलं. रविवारी नरकचतुर्दशी. पहाटे काकूंनी सगळ्यांना उठवलं, तेल लावलं, तुळशीपुढे कारीट फोडायला लावलं आणि पोह्यांची ताटं मांडली. दूधपोहे, गूळपोहे, ताकपोहे, आणखी दोन ज्यांची नावं तोंड भरलेलं असल्याने विचारता आली नाहीत. हे पत्रकात नव्हतं, बिलातही लावलं नाही. त्यामुळे तक्रार कशी करावी हा पेच पडला. त्याच दिवशी क्यारला महाचक्रीवादळाचा दर्जा मिळाला. आमच्यापासून दूर गेल्यावर! मेहुण्यांना हे फार लागलं. “म्हणजे आपण होतो तेव्हा ते साधंच होतं?”

निघताना हिशेब झाला. काकांनी वहीत बोटिंग खोडलं, डॉल्फिन खोडले. त्यांच्या पडवीची एक बाजू खचली होती, मागच्या विहिरीत खारं पाणी गेलं होतं. मेहुण्यांनी सुरमई आणि सांबारं यांच्या किमतीतला फरक काढला. काकांनी तोही खोडला. परतीच्या वाटेवर कापणीला आलेलं भात शेतांत आडवं होऊन पाण्यात पडलं होतं. आमच्या भाच्याने गाडी थांबवून फोटो काढला. पाण्यात आभाळ छान उतरलं होतं. घरी येऊन मेहुण्यांनी अभिप्राय लिहिला: “जेवण बरे. माणसे साधी. समुद्र खोलीच्या फार जवळ आहे. दोन तारे.”

महिना संपता संपता अरबी समुद्रात क्यारच्या पाठोपाठ दुसरं वादळ उठलं. म्यानमारने दिलेलं नाव घेऊन क्यार ओमानकडे गेलं होतं. आता ओमानने दिलेलं नाव घेऊन हे आपल्या बाजूला आलं. नाव महा. इथे घोटाळा असा की क्यार हे महाचक्रीवादळ होतं, पण महा हे महाचक्रीवादळ नव्हतं. ते आधी दूर गेलं, मग मागे वळलं, गुजरातच्या दिशेने निघालं आणि किनारा गाठायच्या आतच विरलं. त्या दिवसांत मुंबईत सरकार बनत नव्हतं, त्यामुळे बातम्या लावल्या की पहिली पाच मिनिटं नक्की कशाबद्दल चाललंय ते कळत नसे.

त्या गडबडीत मेहुण्यांचा फोन आला. आवाजात उत्साह.

“अहो, ऐकलंत का, आणखी एक वादळ येतंय. काकांना फोन लावतो. आत्ता ‘सी टच’ निम्म्या भावात देतील. आगाऊ किती टाकू?”