होस्टनेम न तपासण्याची सोपी रीत: नवशिक्या प्रोग्रामरांसाठी सचित्र नसलेली मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका कोणासाठी?

उद्या सकाळी अकराला क्लायंटसमोर डेमो आहे आणि तुमचं ॲप सर्व्हरला जोडायला गेलं की लाल अक्षरांत ओरडतंय: सर्टिफिकेटवरचं नाव जुळत नाही. अशा वेळी सर्टिफिकेट नीट करून घेणं हा एक मार्ग आहे, पण तो लांबचा. इथे जवळचा दिला आहे. पूर्वानुभवाची अट नाही. अनुभव असलाच तर थोडा अडथळा होतो, पण सवयीनं जमतं.

पूर्वतयारी

टीएलएस जोडणी सुरू होताना सर्व्हर आपलं सर्टिफिकेट पुढे करतो. ते हातात आलं की दोन गोष्टी पाहायच्या असतात. एक, त्यावर ओळखीच्या प्रमाणन संस्थेची सही आहे का आणि मुदत शिल्लक आहे का. दोन, आपण ज्या सर्व्हरला हाक मारली त्याचंच नाव त्यावर आहे का. ही दुसरी तपासणी म्हणजे होस्टनेमची तपासणी, आणि आपल्याला गाळायची आहे ती हीच.

ती गाळली तर काय होतं? रेल्वेतल्या टीसीनं ओळखपत्र अस्सल आहे एवढंच पाहावं आणि चार्टवरचं नाव वाचूच नये, तसं होतं. अस्सल ओळखपत्रवाला कोणीही तुमच्या बर्थवर पाय पसरू शकतो. आणि अस्सल सर्टिफिकेट मिळवणं हल्ली कठीण राहिलेलं नाही. स्वतःच्या ताब्यातल्या कोणत्याही डोमेनसाठी लेट्स एन्क्रिप्ट ते फुकट देते. त्यामुळे कॅफेच्या वायफायवर तुमच्या आणि बँकेच्या मधे बसलेल्या माणसाला बँकेचं सर्टिफिकेट चोरावं लागत नाही, स्वतःच्या डोमेनचं पुढे केलं तरी भागतं. एन्क्रिप्शन उत्तम होतं. फक्त ते त्याच्याशी होतं.

पायरी १: बटण दाबा

बहुतेक भाषांनी आपली सोय आधीच करून ठेवली आहे. गो भाषेत ‘इनसिक्युअर स्किप व्हेरिफाय’ ट्रू करा. पायथॉनच्या रिक्वेस्ट्समध्ये ‘व्हेरिफाय’ फॉल्स करा. कर्लला ‘हायफन के’ द्या. यातल्या काहींच्या नावातच ‘असुरक्षित’ असं लिहिलेलं आहे, पण तिकडे लक्ष देऊ नका; बनवणाऱ्यांनी आपलं मन मोकळं केलं, एवढंच. पायथॉन अशा प्रत्येक विनंतीला इशारा छापतो. तो गप्प करायची ओळ बहुधा त्याच उत्तराच्या खाली मिळते, जिथून तुम्ही पहिली ओळ उचलली.

जावात थोडे कष्ट आहेत. तिथे होस्टनेम तपासणारा एक वर्ग लिहावा लागतो. त्यातल्या मेथडला नाव आणि जोडणी दोन्ही मिळतात, आणि आपली मेथड दोन्हींकडे न पाहता ‘ट्रू’ म्हणते. ही रीत लोकप्रिय आहे. 2012 साली जर्मनीतल्या हॅनोव्हर आणि मारबुर्गच्या संशोधकांनी 13,500 मोफत अँड्रॉइड ॲप तपासली, तेव्हा त्यातल्या 1,074 ॲपमधला टीएलएसचा कोड मधे बसणाऱ्याला वाव देईल असा निघाला.

शेवटी वर एक शेरा टाका: ‘टूडू: प्रॉडक्शनला जाण्याआधी काढणे’. हा शेरा महत्त्वाचा आहे. पुढे ऑडिट झालं तर आपल्याला सगळं ठाऊक होतं, याचा तो लेखी पुरावा ठरतो.

पायरी २: चालू करून बंद करा

टीममध्ये कोणी जागरूक असेल तर सरळ बंद केलेलं डोळ्यांत भरतं. त्यासाठी पीएचपी आणि लिबकर्लची जोडी एके काळी आदर्श होती. लिबकर्लमध्ये ‘व्हेरिफाय होस्ट’ नावाची सेटिंग आहे. तिची योग्य किंमत 2, आणि काही न करता मिळतेही तीच. सज्जन प्रोग्रामरला वाटायचं, सुरक्षा हवी तर ‘ट्रू’ लिहावं. पीएचपी त्या ट्रूचा 1 करायचं आणि 1 चा अर्थ होता: सर्टिफिकेटवर काहीतरी नाव आहे ना, झालं तर मग! ते कोणाचं, हे विचारायचं नाही.

टेक्सास आणि स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2012 मध्ये ब्राउझर सोडून इतर सॉफ्टवेअरमधली ही तपासणी धुंडाळली. तेव्हा ॲमेझॉनच्या पैसे भरण्याच्या पीएचपी लायब्ररीत नेमकं हेच सापडलं. पेपॅलच्या एका लायब्ररीत तर जुनी चूक दुरुस्त करताना ही नवी शिरली होती. त्याच वर्षी नोव्हेंबरात आलेल्या लिबकर्ल 7.28.1 नं 1 स्वीकारायलाच नकार दिला आणि एक सुंदर रीत लयाला गेली. आता 1 दिला तरी तो 2 च धरला जातो. जुन्या सर्व्हरवर जुनी आवृत्ती चालू असेल तर मात्र तुमचं नशीब चांगलं.

पायरी ३: लायब्ररी बघते म्हणा

या पायरीत काहीही करायचं नाही, म्हणून नवशिक्यांना ती फार आवडते. लायब्ररीचं नाव मोठं असलं की ती सगळं बघत असणार, असं धरून चालायचं. ओपनएसएसएल 1998 साली आली आणि नाव ताडून पाहणारं तयार फंक्शन तिच्यात 2015 च्या 1.0.2 आवृत्तीत आलं. मधल्या काळात ती सही तपासायची, नाव तपासणं तुमच्यावर सोपवायची, आणि हे कागदपत्रांत वाचणाऱ्यांची गर्दी कधीच झाली नाही. पायथॉनची स्वतःची एचटीटीपीएस लायब्ररी 2014 च्या डिसेंबरात आलेल्या 2.7.9 पर्यंत, मुद्दाम सांगितल्याशिवाय, सहीही पाहायची नाही आणि नावही नाही.

आता ते दिवस गेले म्हणून खट्टू होऊ नका. जावात एचटीटीपीएसची तयार जोडणी वापरली तर ती नाव पाहते. पण साधं एसएसएल सॉकेट उघडलं की ते आजही आपणहून पाहत नाही, तपासणीची पद्धत तुम्ही नेमून द्यावी लागते. मेल, डेटाबेस, स्वतःचा प्रोटोकॉल, असं काही लिहीत असाल तर संधी भरपूर आहे.

पायरी ४: तुलना स्वतः लिहा

आत्मविश्वास आला असेल तर तयार फंक्शन बाजूला ठेवा. चार ओळींचं काम आहे. खालीलपैकी कोणतीही चूक निवडा:

(क) सर्टिफिकेटवरच्या नावात बँकेचं नाव ‘कुठेतरी’ येतं का, एवढंच पाहा. मग ‘माझीबँक डॉट कॉम डॉट भलताच डॉट नेट’ हेही पास होतं.

(ख) वाइल्डकार्डचा तारा उदारपणे वाचा. नियमानं तारा सगळ्यांत डावीकडच्या एकाच भागाची जागा घेतो. ‘तारा डॉट माझीबँक डॉट कॉम’मध्ये ‘नेट डॉट माझीबँक डॉट कॉम’ बसतं. त्याआधी आणखी एक भाग लागला तर बसत नाही, आणि नुसतं ‘माझीबँक डॉट कॉम’ही बसत नाही. तुम्ही सगळ्यांना आत घ्या.

(ग) नाव शून्य बाइटपाशी तोडा. सी भाषेत शून्य बाइट आला की स्ट्रिंग संपली. सर्टिफिकेटमध्ये मात्र लांबी वेगळी लिहिलेली असते, तिथे शून्यही नावाचाच भाग. 2009 च्या ब्लॅक हॅट या सुरक्षा परिषदेत संशोधक मॉक्सी मार्लिनस्पाइकनं याचा उपयोग दाखवला. आधी मोठ्या कंपनीचं नाव, मग शून्य बाइट, शेवटी स्वतःचं डोमेन. देणारी संस्था उजवीकडचं डोमेन पाहून सर्टिफिकेट देई आणि तपासणारं सॉफ्टवेअर शून्यापाशी थांबून मोठ्या कंपनीला नमस्कार करी.

(घ) ‘कॉमन नेम’ हे जुनं खानंच पाहा. खरी यादी ‘सब्जेक्ट ऑल्टरनेटिव्ह नेम’मध्ये असते, ती असेल तर तीच वापरा, असं 2000 सालच्या आरएफसी 2818 नं सांगून ठेवलं आहे. क्रोमनं 2017 मध्ये कॉमन नेम पाहणं सोडलं आणि 2023 च्या आरएफसी 9525 नं त्याला रजाच दिली. परंपरेचा अभिमान कुणीतरी बाळगायला हवा.

पायरी ५: ताडायचं नाव समोरच्यालाच विचारा

ही प्रगत पायरी आहे. तुलनेला दोन बाजू लागतात. सर्टिफिकेटवरचं नाव मिळालं, पण ते कशाशी ताडायचं? नियम सांगतो, वापरणाऱ्यानं टाइप केलेल्या किंवा सेटिंगमध्ये लिहिलेल्या नावाशी. आपण सर्व्हरच्या आयपीवरून उलटी डीएनएस चौकशी करू आणि जे उत्तर येईल त्याच्याशी ताडू. त्या आयपीचं उलटं नाव काय ठेवायचं हे पत्त्याचा मालक ठरवतो, आणि वाटेत बसलेला माणूस ते उत्तर बदलूही शकतो. मग दोन्ही बाजू त्यानंच भरल्यावर जुळणार नाहीत तर काय होईल?

पायरी ६: तपासा, पण कोणाला त्रास देऊ नका

नाव जुळलं नाही तर लॉगमध्ये एक ओळ लिहा आणि पुढे चला. किंवा आधी युजरनेम-पासवर्ड पाठवा आणि मग तपासा. तोवर पासवर्ड पोचलेला असतो, आणि आता जोडणी तोडण्याचा बाणेदारपणा दाखवायला हरकत नाही.

शंका-समाधान

आमचा सर्व्हर ऑफिसातलाच आहे, त्याला नुसता खासगी आयपी आहे. मग काय? अशा पत्त्याचं सर्टिफिकेट सार्वजनिक प्रमाणन संस्था देत नाहीत हे खरं. सर्व्हरला नीट नाव देता येतं. ऑफिसची स्वतःची प्रमाणन यंत्रणा उभारून तिचं मूळ सर्टिफिकेट ॲपला देता येतं, आणि त्या यंत्रणेकडून सर्टिफिकेटच्या यादीत आयपीही लिहून घेता येतो. यात काही तास जातात. पायरी १ ला एक ओळ लागते. निवड तुमची.

आमचं डोमेन देवनागरीत, डॉट भारतचं आहे. 2014 पासून ही सोय आहे, मराठीलाही आहे. सर्टिफिकेटमध्ये मात्र देवनागरी नसते. ‘एक्सएन’ आणि दोन हायफननी सुरू होणारं रोमन रूप असतं. तुलनेआधी नाव त्या रूपात न्यावं लागतं. न नेल्यास अस्सल सर्व्हरही नापास होतो आणि वैतागून पायरी १ वर येण्याचं सबळ कारण हाती लागतं.

हे कधी उघडकीस येईल? वापरणाऱ्याकडून बहुधा कधीच नाही. तपासणी बंद असलेलं ॲप रोज चालतं, किंबहुना चालू असलेल्यापेक्षा जास्त सुरळीत चालतं. तक्रार येते ती फक्त प्रामाणिक ॲपची.

टाळायची एकच गोष्ट

तुमच्या साऱ्या चाचण्या चांगल्या सर्व्हरला जोडून पाहतात आणि हिरव्या होतात. हिरव्याच राहू द्या. नापासच व्हायला हवी अशी चाचणी चुकूनही लिहू नका. विशेषतः बॅडएसएसएल डॉट कॉमच्या वाटेला जाऊ नका. तिथे ‘राँग डॉट होस्ट’ने सुरू होणारा एक पत्ता मुद्दाम ठेवला आहे, ज्याचं सर्टिफिकेट त्या नावाशी जुळत नाही. तुमच्या प्रोग्रामनं ते पान बिनतक्रार आणून दिलं, तर मार्गदर्शिकेतली एक तरी पायरी तुम्हाला साधली. ‘नाव जुळत नाही’ म्हणून तो अडून बसला, तर तुमचा अभ्यास कच्चा आहे. त्याला तसाच कच्चा ठेवा आणि डेमोची वेळ पुढे ढकला.