काळजीवाहू नाना

कोकणची सहल ठरली की पैसे गोळा करणारा एक असतो, पत्ते आणणारा एक असतो आणि नाना असतात. खातं त्यांचं ठरलेलं: उलटी.

नगर जिल्ह्याला समुद्र नाही. मोठं पाणी बघायचं तर भंडारदऱ्याला, 1926 साली पुरं झालेल्या विल्सन धरणामागं; आणि तिथली होडी हलते ती कुणी फोटोसाठी उभं राहिलं तरच. पण समुद्रावर अधिकारवाणीनं बोलायला समुद्र लागतोच असं नाही. नानांचा पाया एसटीवर पक्का झालेला. राज्यातली पहिली एसटी 1 जून 1948 ला पुणे-नगर धावली. म्हणजे गाडी लागलेला पहिला माणूसही आपल्याकडचाच असणार, असं ते सांगतात. पुरावा नसतो, अभिमान असतो.

नानांच्या पिशवीत आलेपाक, आवळासुपारी, लिंबं, बुडाखाली घ्यायला जुने पेपर, मेडिकलमधल्या गोळ्या आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या. त्या काळ्याच. "पांढरी दिली की शेजारचाही जातो कामातून." हे मात्र शंभर टक्के खरं. मध्यंतरी कुणीतरी त्यांना सांगितलं, की 1831 ते 1836 अशी पाच वर्षं डार्विनला बीगल जहाजावर बोट लागत होती आणि त्याच्या पोटात टिकत ते बेदाणेच. तेव्हापासून पिशवीत बेदाणेही आले.

औषधं बरोबर, वेळ चुकीची. गोळी घ्यावी निघण्याआधी तासभर तरी. नाना ती वाटतात राजपुरीच्या धक्क्यावर, तिकिटं निघाल्यावर. त्यामुळे उलटी व्हायची ती बोटीत होतेच, आणि जंजिऱ्यावर गाईड कलालबांगडी तोफेचं वजन सांगत असताना निम्मी मंडळी तटाला टेकून डुलक्या काढतात. सकाळचे पोहेही नानांनी बंद केलेले. "पोटात नसलं तर पडंल काय?" रिकाम्या पोटी मळमळ वाढते, दोन कोरडी बिस्किटं तरी खावीत, हे त्यांना सांगून बघा. मी सांगणार नाही.

एसटीत पुढची सीट चांगली, म्हणून बोटीतही ते बायकामुलांना नाळेकडं बसवतात. बोट सर्वांत जास्त वरखाली होते ती तिथंच. हलणं कमी असतं मध्यावर.

तरीही शिडात वारा असेतो सगळं ठीक असतं. खरा प्रसंग किल्ल्याच्या दरवाजासमोर. पुढच्या होड्यांची माणसं उतरेपर्यंत आपली होडी थांबते, आणि थांबलेली होडी चालत्यापेक्षा जास्त डोलते. कान म्हणतो हललो, फळीकडं लागलेले डोळे म्हणतात कुठं काय, आणि भांडण पोटात येतं. अशा वेळी दूर क्षितिजाकडं बघावं. पण क्षितिजाच्या बरोबर पुढं नाना उभे.

"वहिनी, काही होत नाही ना?"

"नाही हो."

"मळमळ?"

"नाही."

"तोंडाला पाणी सुटतंय का? तसं सुटलं की समजायचं..."

वहिनी पिशवी मागतात. नाना पुढच्या बाकाकडं वळतात. दोन बाक होईतो होडीवाला म्हणतो, "चाचा, तुम्ही खाली बसा आणि गप बसा. निम्मी होडी बरी होईल."

नानांना स्वतःला बोट कधी लागत नाही. एवढी कामं असलेल्या माणसाला ती लागणार केव्हा?

एका सहलीत मात्र समुद्र अगदी निवांत निघाला. कुणी आलेपाकही मागितला नाही. धक्क्यावर उतरल्यावर नानांनी घडी न मोडलेल्या काळ्या पिशव्या मोजून परत ठेवल्या आणि म्हणाले, "ह्याला काय समुद्र म्हणायचं?" जेवले नीट नाहीत. गाडीत कुणाशी बोलले नाहीत.

मग ताम्हिणी घाट लागला. चौथ्या-पाचव्या वळणावर मागच्या सीटवरून बारीक आवाज आला, "नाना..."

नाना पिशवी घेऊन केव्हाच उठले होते.