लिक्विड डॅमेज : एका संज्ञेचा अभ्यास

कॅमेऱ्यात पाणी शिरून झालेला बिघाड म्हणजे 'लिक्विड डॅमेज', असा सामान्य माणसाचा समज असतो. परंतु जॉबशीटवर, म्हणजे कॅमेरा दुरुस्तीला टाकताना मिळणाऱ्या पावतीवर, ही संज्ञा ज्या सढळ हाताने लिहिली जाते ते पाहता तिचे पाण्याशी नाते फार तर चुलत असावे. शटर अडकले तरी लिक्विड डॅमेज, पडद्यावर रेघा आल्या तरी लिक्विड डॅमेज. गळ्यातल्या पट्ट्याची कडी तुटली तर काय लिहितात, हा संशोधनाचा विषय आहे.

पाण्याचेच म्हणाल तर, दादरा-नगर हवेलीतल्या आमच्या सिल्वासात वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सारा जून ते सप्टेंबरमध्येच कोसळत असल्याने भिंती, चपला, पापड आणि लेन्स यांना बुरशी सारख्याच निष्ठेने धरते. हा मुलूख पोर्तुगीजांपासून मुक्त झाला तोही ऐन पावसाळ्यात, 2 ऑगस्ट 1954 रोजी; सुदैवाने त्या मोहिमेला वॉरंटी कार्ड नव्हते.

जाहिरातीत मात्र कॅमेरा धो धो पावसात हसतमुख उभा असतो, कारण तो 'वेदर सील्ड' असतो, म्हणजे त्याच्या सांध्यांत रबराच्या पट्ट्या बसवलेल्या असतात. पाणी किती अडते हे सांगणारी आयपी नावाची आंतरराष्ट्रीय श्रेणी आहे, तिचा पहिला अंक धुळीचा आणि दुसरा पाण्याचा असतो. पण बहुतेक कॅमेऱ्यांवर हा अंक नसून केवळ विशेषण असते, आणि विशेषणाविरुद्ध दावा लावता येत नाही. त्यामुळे जाहिरातीतले पाणी आणि वॉरंटी कार्डातले पाणी ही दोन भिन्न द्रव्ये आहेत असे मानावे लागते : पहिले कॅमेऱ्याला शोभा आणते, दुसरे त्याला बाद करते, आणि वनगंगा तलावाच्या काठी प्री-वेडिंगचे फोटो काढणाऱ्यावर उडणारा प्रत्येक थेंब, रसायनशास्त्राला न जुमानता, दुसऱ्याच प्रकारचा निघतो. बिघडलेल्या कॅमेऱ्याचे पार्सल वापीमार्गे महानगरातल्या सर्व्हिस सेंटरात पोहोचले की तेथील तंत्रज्ञ भिंगातून मदरबोर्डवर, म्हणजे मुख्य सर्किटच्या पाटीवर, एक हिरवट ठिपका शोधून काढतो. दमट हवेत तांबे हिरवे पडते, हे घरातला तांब्या चिंचेने घासणाऱ्या बाईला शाळेत न जाताही ठाऊक असते. येथे मात्र तो ठिपका ग्राहकाच्या गुन्ह्याची कबुली ठरतो. मग ठिपका साफ होत नाही, बिघडलेला चिमुकला भाग बदलला जात नाही, तो भाग गावातल्या मेकॅनिकला विकलाही जात नाही. बदलायची ती संपूर्ण पाटीच, तिच्यावर 18 टक्के जीएसटी, आणि खर्च ऐकून ग्राहकाने नकार दिला तर नकार ऐकून घेण्याचे तपासणी शुल्क वेगळे. याला दुरुस्ती म्हणणे हा भाषेवर अन्याय आहे. ही खंडणी आहे, आणि ती लग्नसराईच्या चार पैशांवर वर्ष काढणाऱ्या माणसाकडून, त्याचे हत्यार अडकवून ठेवून, वसूल केली जाते.

20 जुलै 2020 पासून लागू झालेल्या 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहकाला राहत्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते, म्हणजे सिल्वासाच्या फोटोग्राफरला त्यासाठी महानगर गाठावे लागत नाही. जॉबशीटवर सही करण्यापूर्वी 'कॅमेरा कोरडा जमा केला' असे वाचकांनी स्वतःच्या हाताने लिहावे आणि त्या कागदाचा फोटो काढून ठेवावा, अर्थात, मोबाईलने.