स्वातंत्र्य, मुदत दोन वर्षे

पैठण रस्त्यावरील चितेगावच्या कारखान्यांत ठेकेदारामार्फत कामाला लागणारा कामगार आधार कार्डाची झेरॉक्स आणि हजेरीसाठी अंगठ्याचा ठसा देतो. ही माहिती पुढे कोणत्या देशातील सर्व्हरवर, म्हणजे साठवणुकीच्या संगणकावर, जाते याची उठाठेव 2023च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने दिल्लीवर सोपवली आहे, कारण कलम 16 नुसार केंद्राने अधिसूचनेने, म्हणजे राजपत्रातील आदेशाने, मनाई केलेले देश सोडून ती कुठेही जाऊ शकते. तक्रारींसाठी माहिती संरक्षण मंडळ आहे आणि ते स्वतंत्र असेल असे कायदाच म्हणतो. फक्त त्याचे सदस्य केंद्र नेमते, मुदत दोन वर्षांची असते आणि फेरनियुक्तीची सोय असते, त्यामुळे हे स्वातंत्र्य बेतानेच वापरणे शहाणपणाचे. न्या. श्रीकृष्ण समितीच्या 2018च्या मसुद्यात निवड समितीवर सरन्यायाधीश होते. अंतिम कायद्यात त्यांना ही तसदी दिलेली नाही.

मंडळांचे स्वातंत्र्य इतरत्रही असेच बेताचे असते: युरोपीय संघाच्या न्यायालयाने 2015 व 2020 मध्ये अमेरिकेसोबतच्या माहिती-हस्तांतराच्या दोन व्यवस्था रद्द केल्या आणि 2023ची तिसरी ज्या अमेरिकी देखरेख मंडळाचा हवाला देते, त्याचे तीन सदस्य जानेवारी 2025 मध्ये हटवले गेल्याने गणपूर्तीच उरली नाही. भारतात सदस्य हटवण्याचा असा गाजावाजा करण्याची गरज नाही; फेरनियुक्ती टाळली की भागते.

राहता राहिला कामगार. कंपनीला 250 कोटी रुपयांपर्यंत दंड झाला, तर तो भारताच्या संचित निधीत जमा होतो. कामगाराची तक्रार बिनबुडाची ठरली, तर 10,000 रुपयांपर्यंतचा दंड मात्र त्याच्याच खिशातून जातो.