गोठ नव्हे गं, गॉथ!

सांगलीचा एसटी स्टँड, दुपारचे दोन, तारीख २२ मे. साताऱ्याहून भाची यायची होती. डांबर चपलेला चिकटत होतं आणि अख्ख्या आवारात गार असं काही असेल तर ते रसवंतीच्या घुंगरांचा आवाज. गाडी लागली. दारातून आधी एक बूट उतरला. काळा, जाड तळव्याचा, पार पोटरीपर्यंत लेस आवळलेला. मागून जाळीचे काळे मोजे, काळा झगा, गळ्यात काळा पट्टा, काळी नखं, काळे ओठ. डोळ्यांतलं काजळ पोवई नाक्यावर डोळ्यांत होतं, कराडला गालावर आलं होतं आणि सांगलीत पोचेतो हनुवटीला लागलं होतं.

रिक्षावाल्यानं एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. आवाज खाली घेऊन विचारलं, "कोण गेलं, साहेब?" मी काही बोलायच्या आत त्यानं भाडं दहा रुपयांनी कमी सांगितलं. सांगलीत माणुसकी शिल्लक आहे.

घरात आमची आई. वय ब्याऐंशी.

"हे काय सोंग गं?"

"आज्जी, मी गॉथ आहे."

"गोठ? पाटल्यांसंगं घालायचे? बघू. किती तोळ्यांचे केलेस?"

सोन्याच्या आजच्या भावात हा गैरसमज फार महागातला. तो दूर करायला अर्धा तास गेला, आणि गोठ नाहीत हे कळल्यावर आईचा गॉथमधला रस संपला.

तुमचाही संपू नये म्हणून थोडक्यात सांगतो. सत्तरचं दशक संपता संपता इंग्लंडात एक उदास, घुमणाऱ्या आवाजाचं संगीत सुरू झालं. त्याच्या मागं मागं काळे कपडे, चांदीचे दागिने, पांढराफटक चेहरा आणि एकूणच स्मशानाचा शौक आला. १९८२ साली लंडनच्या सोहो भागात 'बॅटकेव्ह' नावाचा क्लब निघाला, म्हणजे वटवाघळांची गुहा, आणि मंडळींना हक्काचं घर मिळालं. आता या लोकांचा जागतिक दिनही असतो. कधी? २२ मे. बरोबर, भाची ज्या दिवशी उतरली तो दिवस. इंग्लंडात तेव्हा वसंत असतो, लोक ऊन पडलं म्हणून एकमेकांचं अभिनंदन करतात. आपल्याकडं रोहिणी निघायला तीन दिवस राहिलेले असतात आणि कुत्रीसुद्धा गटारात बसलेली असतात. हा दिवस ठरवताना आटपाडीच्या माणसाला कुणी विचारलं नाही, एवढं नक्की.

संध्याकाळपर्यंत कॉलनीत बातमी फिरली. पहिले आले शेजारचे वकील. कोर्टातून येत होते. अंगात पांढरा शर्ट, गळ्यात पांढरे बँड आणि घामानं पाठीला चिकटलेला काळा कोट. उंबऱ्यातूनच म्हणाले, "अहो, या उन्हात काळं? पोरीला उष्माघात होईल!"

मी त्यांच्या कोटाकडं बघत राहिलो. आता हा कोट आला कुठून? सांगतात की १६९४ साली इंग्लंडची राणी मेरी वारली, तिच्या सुतकात तिथल्या वकिलांनी काळं घातलं आणि मग ते उतरवायचं राहूनच गेलं. गोष्ट खरी असो वा नसो, सव्वातीनशे वर्षांमागं वारलेल्या परक्या बाईचं सुतक साताऱ्या-सांगलीचा वकील वैशाखात पाळतो आणि उष्माघाताची काळजी माझ्या भाचीची करतो. बरं, बार कौन्सिलच्या नियमातच उन्हाळ्यात कोटाची सक्ती नाही. तरी का घालता? "कोट नसला की पक्षकाराला वाटतं, हा कारकून." आणि ही सवलत जिल्हा कोर्टापर्यंतचीच, हायकोर्टात नाही. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सर्किट बेंच बसलं. इतकी वर्षं मागितलेलं पदरात पडलं आणि सोबत मार्च-एप्रिलातला कोट-गाऊनही पडला. मे महिन्यात मात्र हायकोर्टाला सुट्टी असते. इंग्रजानं पोशाख ठरवला तेव्हा सुट्टीही ठरवून ठेवली. तो उन्हाळ्यात महाबळेश्वराला जायचा. पोशाख आपण नीट उचलला, महाबळेश्वर परवडलं नाही.

वकिलांमागून वरच्या मजल्यावरच्या वहिनी आल्या. स्कूटीवरून. पायात मोजे, हातात कोपरापर्यंत हातमोजे, वर सनकोट, तोंडाला स्कार्फ, डोळ्यांवर काळा गॉगल. आवाजावरून ओळखलं. "अगंबाई, गुदमरत नाही का गं तुला?" असं त्या स्कार्फच्या आतून म्हणाल्या.

गंमत बघा. गॉथ पोरींना चेहरा पांढरा हवा, म्हणून त्या ऊन टाळतात. आमच्या स्थळांनाही चेहरा पांढरा हवा. फक्त आपण त्याला 'गोरी, सुस्वरूप, घरगुती' म्हणतो आणि मार्चपासून पोरींना गुंडाळून ठेवतो. तासगावकडं बेदाणाही असाच करतात. रॅकवर शेडनेटच्या सावलीत द्राक्षं वाळवायची. थेट ऊन लागून काळा पडला की भाव पडला. द्राक्षाची नि मुलीची बाजारपेठ एकाच तत्त्वावर चालते आणि हे सगळे लोक माझ्या भाचीला विचारतात, "काळंच का?"

काळं नवं आहे का आपल्याला? जत, आटपाडी, माण, खटाव, कुठंही जा. काळ्या लोकरीचं घोंगडं खांद्यावर टाकून मेंढरांमागं धनगर चाललेला दिसेल, एप्रिलात, उघड्या माळावर. आरेवाडीच्या बिरोबाच्या बनात त्याला कुणी विचारत नाही, बाबा गरम होत नाही का. मिरजेच्या बाजारात काळा बुरखा बारा महिने. जुन्या बायांचं काळं इरकल बारा महिने. हुकमाचं काळं चालतं, रिवाजाचं चालतं. निषेधाचंही चालायचं, हल्ली मंत्र्यांच्या सभेला दारातच अडवतात, तो भाग वेगळा. एकोणीस वर्षांच्या पोरीनं स्वतःच्या मर्जीनं घातलं की लगेच सगळ्यांना हवामान आठवतं. मर्जी नको म्हणता येत नाही, म्हणून ऊन पुढं करायचं. ऊन बिचारं बोलत नाही.

तरी उन्हाचीही बाजू ऐकू. १९८० साली 'नेचर'मध्ये एक शोधनिबंध आला होता. प्रश्न साधा होता: वाळवंटातले बेदुईन काळे झगे का घालतात? संशोधकांनी काळा आणि पांढरा झगा घालून माणूस उन्हात उभा केला आणि मोजलं. काळा झगा जास्त तापला, पण अंगाला लागलेली उष्णता दोन्हींत सारखीच. जादाची धग कातडीपर्यंत पोचायच्या आधी वाऱ्यानं जात होती. म्हणजे काळ्यावर खटला टिकत नाही. अट एकच, झगा ऐसपैस हवा, आत वारं खेळायला हवं.

इथं मात्र भाचीची बाजू लंगडी पडते. तिचा झगा पॉलिस्टरचा, बरगड्यांपाशी आवळलेला, आणि बूट रेक्झिनचे. वारं खेळायचं सोडा, उभं राहायलाही जागा नाही. रात्री बूट काढले तेव्हा पाय असे दिसत होते, की दिवसभर पाण्यात भिजलेले हरभरे आठवले. वासाबद्दल लिहीत नाही, भाची हे सदर वाचते.

आई सगळं बघत होती. "उनाला काळं नडत न्हाई गं, हे मेणकापड नडतंय," म्हणाली आणि ट्रंक उघडली. डांबरगोळ्यांचा वास घरभर झाला. तळातून निघाली चंद्रकळा. सुती, काळी, लाल काठाची, धुऊन धुऊन इतकी मऊ झालेली की हातात थांबेना. भाचीनं ती गालाला लावली आणि पहिल्यांदाच आजीकडं नीट बघितलं. हातभर हिरवं गोंदण. कपाळावर गोंदण. साठ वर्षांच्या मिशरीनं काळवंडलेले ओठ. पायात चांदीचे तोडे, वितळवायचे नाहीत असं बजावून ठेवलेले.

"आज्जी," ती म्हणाली, "तू तर ओरिजिनल आहेस."

"कसली?"

"गॉथ."

"पुन्हा तेच. हायत का गोठ तुझ्याकडं? न्हाईत न्हवं? मग गप."

दुसऱ्या दिवशी दोघी भडंग आणायला निघाल्या. भाची चंद्रकळेत, काजळ पुन्हा डोळ्यांत, पायात आजीच्या वहाणा. बूट गॅलरीत वाळत होते. नाक्यावर कालचाच रिक्षावाला. त्यानं वरपासून खालपर्यंत बघितलं, कपाळाचा घाम पुसला आणि आईला विचारलं, "आज्जी, संक्रांत हाय व्हय आज?"

भाडं मात्र पूर्ण घेतलं.